साडेबावीस तास

शुक्रवार, ५ एप्रिल २०२४, सकाळी १० वाजून २३ मिनिटं. न्यू जर्सीच्या एका उपनगरातल्या प्राथमिक शाळेत चौथीचा वर्ग विज्ञानाच्या खोलीत होता. धडा लाटांचा. दोन मुलांनी फरशीवर लांबलचक स्प्रिंग ताणून धरली होती, तिसरा तिला हिसका देत होता आणि बाकीची मुलं गुडघ्यांवर बसून लाट कुठून कुठे जाते ते बघत होती. तेवढ्यात मांडणीवरच्या बरण्या खुळखुळल्या, तावदानं थरथरली. मुलांना वाटलं कचऱ्याचा ट्रक गेला असेल. शिकवणारीला मात्र क्षणाचीही शंका आली नाही. ती कराडची. कोयनेचे धक्के खातच लहानाची मोठी झालेली. "टेबलाखाली!" ती ओरडली, आणि मुलं खाली शिरेपर्यंत स्वतः दाराची चौकट धरून उभी राहिली.

४.८ तीव्रतेचा तो धक्का होता. केंद्र हंटरडन काउंटीत, शाळेपासून तीसएक मैलांवर. त्या वर्गातल्या एकाही मुलाने त्याआधी भूकंप अनुभवला नव्हता. हादरा ओसरल्यावर तिने स्प्रिंग पुन्हा हातात घेतली आणि विचारलं, "हिसका तिकडे बसला. मग आपल्या बरण्या का वाजल्या?" उरलेला तास मुलंच बोलत होती. नंतर सगळ्यांनी मिळून अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचा ऑनलाइन अर्ज भरला. धक्का कुठे जाणवला, किती वेळ, काय हललं, असे प्रश्न त्यात असतात. 'बरण्या वाजल्या, पण पडल्या नाहीत' हे वाक्य लिहायचं की नाही यावर दोन मुली हट्टाने भांडल्या.

सोमवारी, ८ तारखेला, सूर्यग्रहण होतं. आमच्याकडे जवळपास ९० टक्के सूर्य झाकला जाणार होता, पण नेमका शाळा सुटायच्या वेळी, म्हणून शाळा अर्धा दिवस ठेवलेली. तिने घरून बुंदी पाडायचा झारा आणला आणि त्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे कागदावर कसे पडतात ते प्रत्येक वर्गाला दाखवलं. दुपारी घरोघरी मुलांनी चाळण्या, गाळण्या बाहेर काढल्या, आणि संध्याकाळपर्यंत चंद्रकोरीसारख्या कवडशांचे फोटो तिच्या मेलबॉक्समध्ये येऊन पडले.

त्याच्या पुढच्या आठवड्यात तिला बोलावून सांगितलं गेलं की प्राथमिक विज्ञान शिक्षिका हे पद जूननंतर राहणार नाही.

मी याच स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे गावच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेत, मिडल स्कूलला गणित शिकवते आणि शिक्षक संघटनेची आमच्या इमारतीची प्रतिनिधी आहे. तिला मी ताई म्हणते, इथेही तेच म्हणेन. तिच्या परवानगीने हे लिहिते आहे. मी हे प्रकरण बाहेरून पाहिलेलं नाही, आणि त्यात माझी एक चूकही आहे. ती जिथे झाली तिथे सांगेन.

कराड ते दुसरीचा वर्ग

ताई २००३ मध्ये लग्न करून आली. रसायनशास्त्रात एम.एस्सी., पदरी दोन वर्षांची कॉलेजातली तात्पुरती नोकरी. इथे अवलंबितांच्या व्हिसावर तेव्हा काम करता येत नसे. ती सवलत काही जणींना मिळाली ती २०१५ मध्ये. नऊ वर्षं ताईने पगाराविना काम केलं. मुलाच्या शाळेत पुस्तकं लावली, सहलींना गेली, रविवारी मराठी शाळेत बाराखडी शिकवली. २०१२ मध्ये ग्रीन कार्ड आलं आणि त्याच शरद ऋतूत ती बदली शिक्षिका, म्हणजे इथल्या भाषेत 'सब', झाली.

सबला कोणत्याही वर्गावर पाठवतात. ताई सांगते, "पहिल्या दिवशी मला बालवाडीत टाकलं. एम.एस्सी. करून मी वीस जणांच्या जॅकेटच्या चेन लावत होते. पण त्यातल्या एकाने विचारलं, बर्फ बुटात घेतला तर जातो कुठे? आणि मला कळलं, मला हेच वय हवंय."

भारतातली तीन वर्षांची बी.एस्सी. इथे एकटी बहुधा पदवी म्हणून पुरत नाही. एम.एस्सी. जोडून मूल्यमापन करून घ्यावं लागतं. ते झालं, परीक्षा झाल्या. न्यू जर्सीत शिक्षणशास्त्राची पदवी नसलेल्यांसाठी १९८० च्या दशकापासून एक पर्यायी वाट आहे. आधी पात्रतेचा दाखला मिळवायचा, मग नोकरी धरायची, आणि शिकवता शिकवता संध्याकाळी प्रशिक्षण पूर्ण करायचं. ताई सप्टेंबर २०१३ मध्ये दुसरीच्या वर्गावर लागली. पहिलं वर्ष अनुभवी शिक्षिकेच्या देखरेखीखाली गेलं.

इथे नोकरीच्या सुरक्षेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. न्यू जर्सीत शिक्षकांना टेन्युअर देणारा कायदा १९०९ चा. २०१२ च्या सुधारणेने तीन वर्षांची मुदत चारची केली आणि त्याला मूल्यमापनाची अट जोडली. टेन्युअर मिळाल्यावर कारणाशिवाय काढता येत नाही. पद रद्द झालंच तर ज्येष्ठतेने जागा मिळते, आणि टेन्युअर नसलेल्याला आधी जावं लागतं. पण हा हक्क त्या एका डिस्ट्रिक्टपुरता. शेजारच्या गावात नोकरी धरली की पुन्हा चार वर्षं शून्यापासून. आणि डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे. २१ काउंट्यांच्या या छोट्या राज्यात जवळजवळ ६०० स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. कित्येक एका गावाएवढे. बहुतेकांचं बोर्ड निवडून आलेलं, आणि प्रत्येकाचा पैसा मुख्यतः गावच्या घरपट्टीतून येणारा.

ताईला टेन्युअर मिळालं सप्टेंबर २०१७ मध्ये. त्याच महिन्यात राज्यात बालवाडी ते पाचवीला विज्ञानाची नवी मानकं लागू झाली. २०१३ मध्ये तयार झालेली ही राष्ट्रीय पातळीवरची मानकं न्यू जर्सीने २०१४ मध्ये स्वीकारली होती. त्यात माहितीच्या बरोबरीने कृतीला जागा आहे. मुलांनी प्रश्न विचारायचा, मापायचं, पुरावा द्यायचा, दुसऱ्याचा पुरावा तपासायचा. दुसरी-तिसरीच्या वर्गशिक्षिकांपैकी बऱ्याच जणींनी शेवटचं विज्ञान कॉलेजच्या पहिल्या वर्षाला पाहिलेलं. डिस्ट्रिक्टने मार्ग काढला: विज्ञानासाठी स्वतंत्र शिक्षक नेमायचे. चार प्राथमिक शाळांसाठी दोन पदं निघाली. त्यातलं एक ताईला मिळालं.

'स्पेशल' या शब्दाचा अर्थ

त्या सात वर्षांत मी तिच्या खोलीत अनेकदा गेले. माझ्याकडे सहावीत येणारी मुलं आलेख नीट काढतात, ती कुणी घडवली ते बघायला.

पाचवीचा एक तास सांगते. पाण्याचा पेला तराजूवर. दुसऱ्या भांड्यात साखर, तिचंही वजन घेतलेलं. साखर पाण्यात ढवळली, दिसेनाशी झाली. आता पेल्याचं वजन किती? अर्ध्या वर्गाचं म्हणणं, पाण्याएवढंच, कारण साखर तर गेली. ताई उत्तर देत नाही. "लिहा. सही करा. मग तराजू बघू." तराजूने दोन्हींची बेरीज दाखवली तेव्हा एक मुलगा उठून म्हणाला, तराजू बिघडलाय. तिने त्याला दुसरा तराजू दिला, मग तिसरा. तिसऱ्यानंतर तो गप्प बसला आणि बऱ्याच वेळाने वहीत काहीतरी लिहिलं. ताईने ते वाचून दाखवायला सांगितलं नाही. तास संपला होता आणि दाराबाहेर पुढचा वर्ग रांगेत उभा होता.

तो रांगेत उभा असलेला पुढचा वर्ग हेच या प्रकरणाचं मूळ आहे. अमेरिकेतल्या प्राथमिक शाळेत चित्रकला, संगीत, शारीरिक शिक्षण, ग्रंथालय यांच्या तासांना 'स्पेशल' म्हणतात. करारानुसार वर्गशिक्षिकेला रोज तयारीसाठी मोकळा वेळ द्यावा लागतो. तो देता यावा म्हणून तिची मुलं त्या वेळात स्पेशलच्या शिक्षकांकडे जातात. डिस्ट्रिक्टने विज्ञानाला स्पेशल केलं, म्हणजे वेळापत्रकाच्या दृष्टीने ताई ही वर्गशिक्षिकांच्या मोकळ्या तासाची सोय झाली. तिच्या विषयाचं महत्त्व हे पद टिकण्याचं कारण कधीच नव्हतं. ते टिकलं कारण त्या ४५ मिनिटांत मुलं कुणीतरी सांभाळणं गरजेचं होतं. हे मला तेव्हा दिसलं नाही. ताईला दिसत होतं.

तिच्याकडे दोन शाळांतले मिळून तीस वर्ग होते. सहा दिवसांचं चक्र, रोज पाच तास. सहाशेच्या वर मुलं, प्रत्येकाचा प्रगतीचा शेरा वर्षातून तीनदा. शिवाय किटं. इथे प्राथमिक विज्ञान बहुधा किटांतून शिकवतात. बर्कलीच्या लॉरेन्स हॉल ऑफ सायन्समध्ये तयार झालेलं 'फॉस' त्यांतलं खूप वापरलं जाणारं. मोठमोठे प्लॅस्टिकचे डबे, त्यात वायरी, चुंबकं, बिया, पिपेट, गाळणकागद, आणि ऋतूनुसार मागवायच्या फुलपाखरांच्या अळ्या. प्रत्येक डबा वापरून झाला की मोजायचा, भरायचा, पुढच्या इमारतीत पाठवायचा. जूनमध्ये सगळे वर्ग आवरून घरी जात, तेव्हा ताई गाळणकागद मोजत बसलेली असे.

आणि या सगळ्या उत्तम व्यवस्थेला एक भोक होतं. तीस वर्गांना वेळ द्यायचा म्हणजे प्रत्येक वर्गाचा तास सहा दिवसांनी एकदा. शाळेचे १८० दिवस भागिले ६, म्हणजे ३० तास, प्रत्येकी ४५ मिनिटांचे. एका मुलाला वर्षभरात विज्ञान मिळतं साडेबावीस तास.

२०१८ च्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणात अमेरिकेतल्या बालवाडी ते तिसरीच्या वर्गांत विज्ञानाला रोज सरासरी १८ मिनिटं मिळतात असं आढळलं होतं. वाचन-लेखनाला ८९ आणि गणिताला ५७. त्या १८ मिनिटांची सगळीकडे हळहळ होते. पण १८ मिनिटं गुणिले १८० दिवस, म्हणजे ५४ तास. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये स्वतंत्र विज्ञान शिक्षिका आहे म्हणून पालक घरं घेत होते, आणि आमची मुलं देशाच्या त्या लाजिरवाण्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी वेळ विज्ञान शिकत होती. कारण सरळ आहे: ताई आल्यावर वर्गशिक्षिकांनी विज्ञान सोडून दिलं. त्यांचाही दोष म्हणवत नाही. २००२ च्या केंद्राच्या कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा सक्तीची झाली. विज्ञानाची परीक्षा प्राथमिक टप्प्यात एकदाच, आमच्या राज्यात पाचवीला. तिसरीच्या शिक्षिकेच्या मूल्यमापनात विज्ञानाचा गुण कुठेच लागत नाही. 'ते ती बघते' म्हटलं की तिची ४० मिनिटं वाचनाला मोकळी होत.

ताईने हा हिशेब २०१९ मध्येच मांडला होता. प्रिन्सिपलना दाखवला. ती चांगली बाई आहे, मनापासून ऐकून घेतलं. पुढच्या मार्चमध्ये कोविडने शाळा बंद झाल्या आणि तो कागद तसाच राहिला. उघडल्यावर तर वाचनातली तूट भरून काढायची घाई. नाही म्हणायला, सप्टेंबर २०२१ मध्ये शाळा सुरू होता होता आयडा वादळाच्या उरलेल्या पावसाने राज्याच्या मध्यभागातली गावं बुडवली तेव्हा दोनतीन वर्गशिक्षिका आपणहून तिच्याकडे आल्या. मुलं विचारतात, काय सांगू? ताईने त्यांच्याबरोबर वाळूच्या ट्रेमध्ये नदी वाहवून दाखवायचा धडा बसवला. त्या महिन्यात त्या वर्गांना विज्ञान सहा दिवसांनी एकदा नव्हतं, रोज होतं.

पैसा

हा भाग थोडक्यात. २०१८ मध्ये राज्याने शाळांना मिळणारी मदत नव्याने वाटायचा कायदा केला. पटसंख्या घटलेल्या किंवा घरांच्या किमती वाढलेल्या गावांची मदत सात वर्षांत पायरीपायरीने कापायची आणि कमी मिळणाऱ्या गावांना द्यायची. न्याय म्हणून तो कायदा मला आजही चुकीचा वाटत नाही. आमचं गाव कपातीच्या बाजूला होतं, आणि २०२४-२५ हे शेवटचं, सातवं वर्ष. घरपट्टीतून भरून काढावं तर २०१० च्या कायद्याने वाढीवर २ टक्क्यांची मर्यादा. त्यातच कोविडकाळात केंद्राने दिलेले पैसे ३० सप्टेंबर २०२४ नंतर वापरता येणार नव्हते, आणि त्या पैशांवर वाचनाच्या जादा शिक्षिका नेमलेल्या. फेब्रुवारीअखेर राज्याचे आकडे आले, मार्चमध्ये कच्चा अर्थसंकल्प. वाचनाच्या शिक्षिका ठेवायच्या तर दुसरं काहीतरी जायला हवं. विज्ञानाची दुसरी शिक्षिका जूनमध्ये निवृत्त होणारच होती. मोकळ्या तासाची सोय ग्रंथपाल आणि संगणकाचे शिक्षक करतील असं ठरलं. विज्ञान 'वर्गात परत' जाईल. कागदावर कुठलाही विषय बंद होत नव्हता.

ताईपुढच्या वाटा

निरोप मिळाला त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. मी चहा टाकला. ती ओट्याला टेकून उभी राहिली, बसली नाही.

तिची नोकरी जाणार नव्हती. ती प्राथमिक शिक्षिकेच्या प्रमाणपत्रावरच शिकवत होती, म्हणून अकरा वर्षांची ज्येष्ठता अखंड होती. तिला वर्ग मिळणार होता, तिसरीचा. पण तो वर्ग आधी कुणाचा तरी होता. दुसऱ्या वर्षातली एक तरुण शिक्षिका, टेन्युअर नसलेली. १५ मेच्या आत तिला पुढच्या वर्षाची नेमणूक नसल्याची नोटीस जाणार. ती मुलगी ताईच्याच खोलीत येऊन विज्ञानाचे तास बघत बसायची.

दुसरी वाट शेजारच्या डिस्ट्रिक्टची. त्यांना सहावी-सातवीला विज्ञान शिक्षिका हवी होती. पाचवी ते आठवीच्या विज्ञानाची पात्रता ताईने आधीच जोडून ठेवलेली. पगार थोडा जास्त, स्वतःची प्रयोगशाळा, दिवसभर फक्त विज्ञान. पेन्शन राज्याचं असल्यामुळे बुडत नव्हतं, त्यासाठी लागणारी दहा वर्षंही पूर्ण झालेली. जाणार होतं ते टेन्युअर. शेहेचाळिसाव्या वर्षी, मुलगा कॉलेजात असताना, पुन्हा चार वर्षं दर मे महिन्याची वाट बघायची.

तिसरी वाट मी सुचवली. संघटनेमार्फत पद वाचवायचं. पालक तयार होते. 'विज्ञान वाचवा' असे फलक बनवायला आमच्याच गणेशोत्सवातल्या बायकांनी घरं उघडून दिली होती. या उपनगरात प्रत्येक दुसरं घर भारतीय आहे, विज्ञान म्हटलं की बोर्डाच्या बैठकीत सभागृह भरतं. मी उत्साहाने सगळं सांगितलं.

ताई म्हणाली, "पद वाचलं तर काय वाचेल गं? साडेबावीस तास."

मी म्हटलं, "ताई, हे बाहेर बोलू नकोस. हा आकडा त्यांच्या हातात गेला तर तुझंच पद कशाला हवं असं म्हणतील."

"मग म्हणू देत. खोटं आहे का?"

आम्ही भांडलो. आवाज चढवून नाही, पण चहा तसाच राहिला. मी तिला सांगितलं की आकडे मांडायची ही वेळ नव्हे. आधी जागा टिकव, मग सुधारणा माग. संघटनेत आम्हाला हेच शिकवलेलं असतं आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. इथे मात्र मी चुकले. मी पदाचा विचार करत होते आणि तिच्या डोळ्यांसमोर बालवाडीतला तो बूट होता. पंचवीस वर्षं मैत्रिणींना सल्ले देत आलेय, पण समोरची नेमकं काय वाचवू पाहते आहे हे त्या संध्याकाळी मी तिला विचारलंच नाही.

तीन मिनिटं

अर्थसंकल्पाची जाहीर सुनावणी एप्रिलअखेर झाली. बोलणाऱ्याला तीन मिनिटं. तीसेक पालक बोलले. बहुतेकांनी ताईचं कौतुक केलं, काहींचा गळा दाटून आला. एका आजोबांनी हिंदीत सुरुवात केली आणि नातीने इंग्रजी केलं. बोर्डाची माणसं मान हलवत होती.

ताईने पदाबद्दल एक शब्द काढला नाही. एक कागद वाचला. ३० तास, ४५ मिनिटं, साडेबावीस. शेजारी वाचनाचे आणि गणिताचे आकडे. मग म्हणाली, की विज्ञान वर्गात परत जाणार असं अर्थसंकल्पात लिहिलं आहे, तर वर्गाच्या वेळापत्रकात ते किती वाजता आहे ते दाखवा. "माझं पद काढायचं असेल तर काढा. पण तास वेळापत्रकात लिहिल्याशिवाय काढू नका. न लिहिलेला तास होत नाही, हे मी सात वर्षं पाहिलं आहे." घड्याळाचा लाल दिवा लागायच्या आत ती खाली बसली.

सभागृहात टाळ्या वाजल्या नाहीत. पालक गोंधळले होते, आपण हिच्या बाजूने आलो आणि ही काय बोलते आहे? मी मागच्या रांगेत होते आणि मला राग आला होता.

पद गेलं. पण सुपरिंटेंडंटना, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रशासकीय प्रमुखांना, त्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं, कारण एका बोर्ड सदस्याने तो पुढच्या बैठकीत पुन्हा विचारला. जूनमध्ये आलेल्या वेळापत्रकात तिसरी ते पाचवीला रोज ४० मिनिटांचा एक ठराविक तास छापला गेला. एक दिवस विज्ञान, एक दिवस सामाजिक शास्त्र. ९० दिवस, ४० मिनिटं, वर्षाला साठ तास. बालवाडी ते दुसरीला असं काहीच छापलं गेलं नाही. तिथे 'वाचनाच्या तासात विज्ञानविषयक पुस्तकांचा समावेश' एवढंच वाक्य आलं. ताईने त्यावर दोन पत्रं लिहिली. दुसऱ्याला उत्तर आलं नाही.

मे महिन्यात राज्याने कापलेल्या मदतीचा काही भाग परत देणारा कायदा केला. आमच्या वाट्याला आलं त्यातून दोन वर्गशिक्षिका परत घेता आल्या. त्या तरुण शिक्षिकेलाही विचारलं, पण तोवर तिने दुसऱ्या गावात नेमणूक स्वीकारली होती. ताईने तिला फोन केला होता. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

शेजारच्या डिस्ट्रिक्टला ताईने नाही कळवलं. टेन्युअरसाठी, असं ती म्हणते. ते खरंच असेल, घराचे हप्ते सगळ्यांनाच असतात. पण वेळापत्रकात तास छापून आल्याशिवाय तिने तो नकार पाठवला नव्हता, एवढं मला माहीत आहे.

पुढचं वर्ष

२०२४-२५ मध्ये ताई तिसरीला होती. तेवीस मुलं, सगळे विषय. वाचनाचा नवा कार्यक्रम शिकताना तिची दमछाक झाली. पहिल्या तिमाहीत मूल्यमापनात वाचनाच्या तासाला तिला बेताचा शेरा मिळाला, पर्यायी वाटेने आल्यापासूनचा सर्वांत कमी. ती रात्री अकराला मला फोन करून गटवार वाचनाबद्दल विचारायची, आणि मला गणितापलीकडचं काही सांगता येत नसे.

विज्ञानाचा तास छापलेला होता म्हणून सगळीकडे झाला, असं मात्र नाही. किटं अजूनही तिच्याच खोलीजवळच्या गोदामात ठेवतात, आणि मोजायची सवय सुटलेली नाही. त्यामुळे कुठल्या वर्गात काय झालं ते तिला डब्यांवरून कळतं. जूनमध्ये मी तिच्याबरोबर मोजायला बसले. एका शाळेतून चौथीचा विजेचा डबा आला, त्यात बॅटऱ्यांचं वेष्टनही फोडलेलं नव्हतं. दुसऱ्या शाळेच्या डब्यात वायरींची टोकं वापरून वापरून झिजलेली, तीन बल्ब गेलेले, आणि तळाशी चिठ्ठी: चुंबकाच्या तारेची दोन रिळं जास्त लागतील, आम्ही गुंडाळ्या वाढवून बघत होतो. चिठ्ठी लिहिणारी शिक्षिका एकवीस वर्षं वर्गावर आहे आणि ताई स्पेशलला असताना तिने कधी किट उघडलं नव्हतं. ऑक्टोबरपासून ती दर पंधरा दिवसांनी शाळा सुटल्यावर ताईकडे येत होती. तिच्या मागे आणखी दोघी आल्या. हे कुठल्याही पदाच्या कामात लिहिलेलं नाही आणि याचे पैसे मिळत नाहीत. संघटनेची प्रतिनिधी म्हणून मी ताईला तेही ऐकवलं. निदान तासांची नोंद ठेव, पुढच्या करारात मागू. या वेळी तिने माझं ऐकलं, वही घातली आहे.

डबे आठ होते. पाच वापरलेले, दोन अर्धे, एक बंद. ताईने बंद डब्यावर चिकटपट्टी लावली, शाळेचं नाव लिहिलं आणि तो दाराजवळ वेगळा ठेवला, सप्टेंबरमध्ये स्वतः घेऊन जायला.

तिसरीत तिच्याकडे येणाऱ्या मुलांची यादी त्याच आठवड्यात लागली. भूकंपाच्या दिवशी ही मुलं पहिलीत होती. दुसरीचं अख्खं वर्ष त्यांना विज्ञानाचा तास नव्हता. ताईने यादीवरून बोट फिरवलं, दोन-तीन नावांपाशी थांबली. मग गोदामातल्या वरच्या फळीवरून पावट्याच्या बियांचं पाकीट काढून पर्समध्ये टाकलं. "दुसरीच्या बाईंना विचारलंय," ती म्हणाली. "शेवटच्या आठवड्यात वाचन संपलेलं असतं. तेवढ्यात भिजत घालते म्हणाल्या."